आल्यावर बघू

लग्नानंतरच्या पहिल्या चार वर्षांत माझ्या तोंडात सगळ्यात जास्त बसलेला शब्द म्हणजे 'आल्यावर'. गाडी चालवायला कधी शिकणार? तिकडे आल्यावर. अक्कलदाढ दुखतेय, त्याचं काय? आल्यावर दाखवू. मूल? आल्यावर बघू. नवरा न्यू जर्सीत, मी भारतात, आणि आमचा सगळा संसार या एका शब्दाच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेला. किल्ली आमच्याकडे नव्हती.

त्याला नोकरीमार्फत ग्रीन कार्ड मिळालं जानेवारी २०२१ मध्ये. आमचं लग्न झालं त्यानंतर पाच आठवड्यांनी. खरं तर ते आधीच्या डिसेंबरात ठरलं होतं, पण करोनाचे दिवस होते, त्याचं विमान रद्द झालं आणि तारीख पुढे गेली. पुढे गेली तर गेली, असं आम्ही दोघंही म्हणालो. त्या पाच आठवड्यांचा अर्थ पुढे एका वकिलाने फोनवर समजावून सांगितला. नोकरीवरचं ग्रीन कार्ड मिळायच्या आधी लग्न झालेलं असेल, तर बायकोला त्याच अर्जातून मागाहून जाता येतं, तिला वेगळी रांग नसते. कार्ड हातात आल्यानंतर लग्न झालं, तर तिच्यासाठी नवा अर्ज, आय-१३०, भरायचा आणि 'एफ-टू-ए' नावाच्या रांगेत उभं राहायचं. ग्रीन कार्डधारकांचे जोडीदार आणि त्यांची एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं यांची ही रांग. जगभरातून मिळून वर्षाला साधारण ८७,९०० व्हिसा, १९९० च्या कायद्यात बसवलेल्या हिशेबातून आलेले. अमेरिकन नागरिकाच्या जोडीदाराला अशी वार्षिक मर्यादाच नाही. पण नागरिक व्हायला ग्रीन कार्डानंतर साधारण पाच वर्षं जावी लागतात.

वकिलाने हे सगळं फार सौम्य आवाजात सांगितलं. फोन ठेवल्यावर मी कॅलेंडर काढून डिसेंबर ते फेब्रुवारीमधले चौकोन बोटाने मोजले. पुढे कित्येक महिने, झोप लागली नाही की मी तेच चौकोन मोजत असे.

ओळखीचे लोक म्हणत, "मग टुरिस्ट व्हिसावर जाऊन ये की!" त्यांचा हेतू चांगलाच असायचा. पण हा व्हिसा मागणारा माणूस तिथे कायमचा राहायला निघालाय असंच तिथला कायदा धरून चालतो. तसं नाही हे पटवून द्यायचं काम त्या माणसाचं. नवरा तिथे, आणि मी तिथे कायमची राहायला येणार असा अर्ज आम्ही स्वतःच भरलेला. मी काय पटवून देणार होते? मग नवराच यायचा, वर्षातून एकदा, तीन आठवडे. चार वर्षांत आम्ही एका छपराखाली एकशे एकोणीस दिवस राहिलो.

बाकीचे दिवस फोनवर. माझी सकाळ आणि त्याची रात्र. उन्हाळ्यात आमच्यात साडेनऊ तासांचं अंतर असायचं. मी साडेसातला ऑफिसची तयारी करत असताना तिकडे आदल्या दिवसाचे रात्रीचे दहा वाजलेले. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि अंतर साडेदहा तासांवर जातं. माझ्या खोलीत मी दोन घड्याळं लावली होती, एक इथलं आणि एक तिथलं. वर्षातून दोनदा स्टुलावर चढून तिथल्याचा काटा फिरवायचा. आई खालून स्टूल धरून उभी राहायची आणि काही बोलायची नाही.

त्याचा दिवस संपलेला, माझा सुरू व्हायचा. तो थकलेला आणि मी घाईत. त्या चाळीस मिनिटांत काय बोलायचं? चांगलं तेवढं बोलायचं, असं न ठरवताच ठरून गेलं. इतक्या लांब असलेल्या माणसाला कशाला त्रास द्यायचा? तो तिकडे एकटा, त्यात आपली रडगाणी कशाला? तोही हाच विचार करत होता. आमचं खरं नुकसान इथे झालं, असं आज मला अगदी आतून वाटतं. अंतर तर पहिल्या दिवसापासून होतंच. त्यावर आम्ही काळजीपोटी आपल्या हाताने भिंत बांधली.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला निघतं, पुढच्या महिन्यासाठी. त्यात प्रत्येक रांगेपुढे एक तारीख असते. तुमचा अर्ज त्या तारखेच्या आधी पोचलेला असेल तर तुमचा नंबर लागला. आमची तारीख एप्रिल २०२१ ची. रांगेत कुणी थांबलेलं नसलं की तारखेच्या जागी नुसतं 'सी' हे अक्षर असतं. करंट. जुलै २०१९ पासून एफ-टू-ए करंट होती, म्हणजे अर्ज मंजूर झाला की पुढची कागदपत्रं लगेच सुरू. त्या एका अक्षरावर मी दोन वर्षं काढली. अर्ज मंजूर व्हायचाच बाकी होता ना, मग आज होईल, उद्या होईल.

डिसेंबर २०२२ मध्ये माझ्या संस्थेने मला दोन वर्षांचं एक काम देऊ केलं. मी भूजलावर काम करते. चाळीस गावांतल्या निवडक विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोजायची, सलग दोन वर्षं. एका वर्षाच्या आकड्यांना फारसा अर्थ नसतो, पाऊस कमी-जास्त होतो, म्हणून दोन. असं काम करायची माझी फार वर्षांची इच्छा होती. मी नाही म्हटलं. व्हिसा कधीही येईल, काम अर्धवट टाकून जायला नको, असं साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बघा, विचार करा." मी विचार केला नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्ज मंजूर झाला. त्या रात्री आम्ही फोनवर दीड तास बोललो. बॅगा किती किलोच्या, कोणती पुस्तकं न्यायची इथपर्यंत. मार्चच्या मध्यावर एप्रिलचं बुलेटिन आलं. 'सी' गेलं होतं. त्या जागी तारीख होती ८ सप्टेंबर २०२०. आमच्या सात महिने मागे. मागणी वाढली, वर्षाचे आकडे पुरेनात, म्हणून रेषा ओढली. हे सगळं कारणासकट तिथे लिहिलेलं होतं, आणि मला त्यातलं काहीही खोटं वाटलं नाही. त्याच वर्षी ती तारीख आणखी मागे सरकली. ऑक्टोबरच्या बुलेटिनात ती होती ८ फेब्रुवारी २०१९. याला रेट्रोग्रेशन म्हणतात. रांगेत उभ्या माणसाच्या पुढे आणखी माणसं येऊन उभी राहिली की कसं वाटतं, ते सगळ्यांना माहीत आहे. इथे माणसं तेवढीच होती. खिडकीच मागे मागे जात होती.

मधे, २०२३ च्याच जूनमध्ये, विहिरींच्या कामावरचा माणूस नोकरी सोडून गेला आणि साहेबांनी मला पुन्हा विचारलं. या वेळी मी हो म्हटलं. नवऱ्याला मात्र सांगितलं की काम सहा महिन्यांचं आहे. दोन वर्षांचं म्हटलं असतं तर त्याला वाटलं असतं हिने आशा सोडली. हे खोटं मी पाच महिने सांभाळलं.

नोव्हेंबरात एका सकाळी मला दिसलं की त्याच्यामागची भिंत वेगळी आहे. रंग तोच, पांढरा. पण त्याच्या डाव्या कानामागे भिंतीला एक बारीक तडा असायचा, पुसट, उलट्या 'य'सारखा. दीड वर्ष रोज पाहिल्यामुळे तो मला पाठ होता. तो तिथे नव्हता. मग लक्षात आलं की हा हल्ली फोन चेहऱ्याच्या फार जवळ धरतो. मी म्हटलं, "फोन जरा लांब धर." म्हणाला, "का गं?" मी म्हटलं, "धर तर." त्याने धरला. मागे एक अरुंद पलंग होता आणि पलंगाखाली सामानाची खोकी रचलेली.

सप्टेंबरात त्याची नोकरी गेली होती. भाडं परवडेना म्हणून तो कुणाच्या तरी घरात एका खोलीत राहत होता. दोन महिने रोज रात्री दहा वाजता तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासमोर बसत होता. आणि त्याला पैशांहून मोठी भीती आय-८६४ ची होती. बायकोला आणणाऱ्याने तिच्या पोषणाची हमी द्यायची असते, आणि त्याचं उत्पन्न तिथल्या सरकारी दारिद्र्यमर्यादेच्या सव्वापट तरी लागतं. नोकरी नाही तर हमी कशी द्यायची? "तुझी तारीख लागली आणि माझ्यामुळे अडकलं तर," एवढं बोलून तो थांबला. मग मीही माझं सहा महिन्यांचं खोटं सांगून टाकलं. त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही.

दुपारी मी आमचे दोन महिन्यांचे मेसेज मागे मागे नेत वाचले. जेवलास? हो, तू? हो. थंडी आहे का? आहे. काळजी घे. तू पण. झोप आता. पानंच्या पानं हेच. ज्या दिवशी त्याने घर सोडलं त्या तारखेलाही हेच होतं. वाचताना मला पहिल्यांदा भीती वाटली. व्हिसा येईल की नाही याची नव्हे. व्हिसा येईल तेव्हा विमानतळावर मला न्यायला कोण आलेलं असेल, याची.

त्यानंतर आम्ही एकच गोष्ट ठरवली. वाईट बातमी त्याच दिवशी सांगायची. कुणाचा दिवस धरायचा यावरही बोलणं झालं, कारण माझा मंगळवार उजाडायचा तेव्हा त्याचा सोमवार मावळायचा असायचा. ज्याला ती बातमी आधी कळली त्याचा दिवस, असं ठरलं. पहिले काही आठवडे फार जड गेले. रोज काहीतरी वाईट असतंच. त्याला मुलाखतीत नकार, माझी आई जिन्यात घसरली, माझी चिडचिड. पण तो मला पुन्हा ओळखू यायला लागला. चिडलेला, खचलेला, मध्येच एखाद्या फालतू गोष्टीवर हसत सुटणारा.

फोनची ठरलेली वेळ आम्ही ठेवली, पण बोललंच पाहिजे ही सक्ती काढून टाकली. रविवारी फोन डब्याला टेकवून ठेवायचा आणि आपापली कामं करायची. तो भांडी घासायचा, मी विहिरींच्या नोंदी संगणकात भरायचे. तासभर कुणीच काही बोलत नसे. नळाचा आवाज यायचा, खुर्ची सरकल्याचा यायचा. मधूनच तो विचारायचा, "ही काळी कढई घासायला काय वापरतात?" मला वाटतं, जोडप्यांच्या आयुष्याचा मोठा भाग असल्या प्रश्नांचाच असतो आणि दूर राहणाऱ्यांचा नेमका तोच भाग गळून पडतो. सणासुदीचे फोन, वाढदिवसांचे फोन सगळेच करतात. कढईसाठी कुणी परदेशी फोन लावत नाही. लावावा.

भांडण मिटल्याशिवाय फोन ठेवू नये, असा सल्ला आम्हाला फार जणांनी दिला होता. तो मला पटला नाही. एका घरात राहणारी माणसं भांडताना उठून दुसऱ्या खोलीत जातात, पाणी पितात, परत येतात. आम्हाला दुसरी खोली नव्हती. फोन ठेवणं हीच आमची दुसरी खोली. फक्त ठेवताना "परत करते" एवढं म्हणायचं.

आणि बुलेटिन. ते आधी मी दिवसातून चार वेळा बघायचे, मध्यरात्रीसुद्धा, जणू बघितल्याने ते हलणार होतं. मग ते काम त्याच्याकडे दिलं. महिन्यातून एकदा तो बघायचा आणि एका वाक्यात सांगायचा. "हललं नाही." "पाच महिने पुढे." बाकीचे एकोणतीस दिवस माझे.

पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन संशोधिकेने सत्तरच्या दशकात व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि त्यांच्या दुःखाला नाव दिलं, अँबिग्युअस लॉस. मी मनात त्याला धूसर विरह म्हणते. माणूस गेलेला नाही आणि आहे असंही नाही; म्हणून शोकही करता येत नाही आणि पुढेही जाता येत नाही. स्थलांतरामुळे दुरावलेल्या कुटुंबांनाही त्या हे नाव लावतात. माझा नवरा सुखरूप होता, रोज दिसत होता, त्या बायकांच्या दुःखाशी माझी तुलनाच नाही. तरीही हे वाचल्यावर मला एक मोठी सुटका वाटली. आपण कमकुवत आहोत म्हणून हे जड जातंय असं नाही. हे ओझं मुळातच धरायला कठीण आकाराचं आहे.

तेव्हाच मी जुन्या लोकांबद्दलही वाचत होते. १९०८ मध्ये कॅनडाने नियम केला की मायदेशातून थेट, मध्ये कुठेही न थांबता आलेल्यांनाच प्रवेश. भारतातून तशी बोटच नव्हती. आधी गेलेले पुरुष तिथे लाकडाच्या वखारींत राबत होते, बायका इकडे. भाग सिंग आणि बलवंत सिंग हे व्हँकुव्हरच्या शीख समाजातले पुढारी १९१२ च्या जानेवारीत बायका-मुलांना घेऊन पोचले, तेव्हा त्या बायकांना परत पाठवण्याचा हुकूम निघाला. बराच झगडा झाल्यावर त्यांना राहू दिलं, पण 'कृपा म्हणून', इतरांसाठी पायंडा पडू नये अशा बेताने. बायका-मुलांना आणायची वाट १९१९ मध्ये उघडली. अकरा वर्षं! त्यांच्याकडे पत्रं होती, तीही आठवडेच्या आठवडे समुद्रावर. त्या पत्रांतही 'इकडे सर्व खुशाल' एवढंच असेल का? मला सारखं वाटतं, असेल.

२०२४ च्या उन्हाळ्यात बुलेटिनची तारीख आमच्या पुढे गेली. तोवर नवऱ्याला नोकरी लागून सहा महिने झाले होते. मग डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज, जन्मदाखले, पोलिसांचा दाखला, आणि पुन्हा वाट. मुंबईत मुलाखत झाली २०२५ च्या मार्चमध्ये. आत फोन नेता येत नाही. चार वर्षं ज्या वस्तूत माझं लग्न होतं ती बाहेर ठेवून मी गेले, आणि तळहात उगीच रिकामा रिकामा वाटत राहिला. उजवा हात वर करून शपथ घेतली. खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, शेवटचं कधी भेटलात, नवरा काय करतो. मी सांगितलं, मध्ये नोकरी गेली होती तेही न विचारता सांगितलं. फोटो, तिकिटं, फोनच्या नोंदी अशी चार वर्षांची जाड फाइल मी छातीशी धरून होते. त्यातले दोन कागद त्यांनी बघितले.

व्हिसावर सहा महिन्यांची मुदत असते. त्या दिवशी संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "मे महिन्याचं मोजमाप राहिलंय. दुसऱ्या वर्षाचं, शेवटचं." तो थोडा वेळ गप्प होता. वाईट वाटलं का, असं मी विचारलं. "वाटलं," तो म्हणाला. "पण मोजून ये." दोन वर्षांपूर्वी तो "छे छे, अजिबात नाही" म्हणाला असता, आणि मी ते खरं मानलं असतं.

कडक उन्हात चाळीस गावांच्या विहिरींत मी टेप सोडला. शेवटच्या विहिरीत पाणी अकरा मीटर साठ सेंटिमीटरवर लागलं. आकडा वहीत लिहिला, टेप पुसून गुंडाळला आणि जूनमध्ये निघाले.

इथे आल्यावर पहिले काही आठवडे दोघंही जरा परक्यासारखे वागलो. रात्रीचे दहा वाजले की तो आपोआप फोन हातात घ्यायचा, मग माझ्याकडे बघायचा आणि ठेवून द्यायचा. मला त्याच्या पावलांचा आवाज ठाऊक नव्हता. तो माणूस उंचीने इतका आहे हे मी विसरले होते. रविवारी त्याने भांडी घासायला घेतली आणि मी काही न बोलता टेबलाशी काम करत बसले, तेव्हा कुठे बरं वाटलं. कढई अजून काळीच आहे.

नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली. नवऱ्याने भिंतीवरचं घड्याळ लावलं, दुसरं तसंच राहिलं. आता दुसरं घड्याळ आईच्या वेळेचं आहे. त्याच आठवड्यात मला ताप होता. रात्री नऊला आईचा फोन आला. तिकडे सकाळचे साडेसात. "कशी आहेस?" तिने विचारलं. "मजेत" हा शब्द ओठांपर्यंत आला होता.

"आई, मला ताप आहे," मी म्हटलं. "सकाळपासून आहे."

तिकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि आई बसत म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. मग मलाही तुला एक सांगायचंय."